छोटी सनद, मोठी सनद

महसूल खात्यात ३३ वर्षे दप्तर सांभाळून, अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून वयाच्या ५८व्या वर्षी नियमाप्रमाणे उठलेल्या गृहस्थाने भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेचा विनियोग कसा करावा, या प्रश्नावर आमच्या आप्तवर्गात तीन पक्ष पडले होते. पहिल्या पक्षात माझे थोरले बंधू व त्यांचे अनुयायी असून त्यांचा कौल काशीयात्रेला होता. दुसऱ्या पक्षात आमच्या सौभाग्यवती एकट्याच होत्या, आणि म्हणूनच तो पक्ष बहुमतात होता; स्वयंपाकघरातील ओटा उखडून तेथे काळ्या ग्रॅनाइटचा नवा ओटा घालावा, ही त्या पक्षाची एककलमी मागणी गेली ११ वर्षे 'विचाराधीन' होती. तिसऱ्या पक्षात मी होतो. आणि हा पक्ष अल्पमतात असला तरी धनादेशावर सही करण्याचा अधिकार त्याच्याकडे असल्यामुळे, एके दिवशी सायंकाळी मी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आलो.

या अविचाराला पूर्वपीठिका आहे. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट निघाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यातील 'दम मारो दम' हे गाणे आमच्या घरात वर्ज्य होते, आणि वर्ज्य असल्यामुळेच शेजारच्या वाड्यात त्याची तबकडी लागली की मी जिन्याखाली श्वास रोखून उभा राही. त्या गाण्यातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, हे ज्ञान पुष्कळ पुढचे. त्या वेळी एवढेच उमगले की तो स्वर सरळ नाही, सोज्ज्वळ नाही, आणि आपल्या घरात जे जे चांगले म्हणून सांगण्यात येते त्यांपैकी तो काहीच नाही. पुढे शाळा, नोकरी, विवाह, दोन कन्यांची शिक्षणे व त्यांचे विवाह ही सर्व कलमे निकालात निघेपर्यंत ५१ वर्षे गेली, आणि तो स्वर मात्र प्रलंबित प्रकरणासारखा कानाच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला.

इलेक्ट्रिक गिटारची एक अडचण दुकानदाराने पैसे मोजून घेतल्यानंतर सांगितली. ॲम्प्लिफायर नसेल तर हे वाद्य वकीलपत्र न घेतलेल्या वकिलासारखे असते. त्याचे हातवारे दिसतात, पण न्यायालय ऐकून घेत नाही. पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडावे तसा एक टिंगटिंग आवाज तेवढा येतो. तेव्हा मी त्याच्याचकडून एक ॲम्प दोन दिवसांसाठी जांगड म्हणून आणला, दिवाणखान्यात मांडला, त्याची सर्व बटणे उजवीकडे शेवटपर्यंत फिरवली (बटण शेवटपर्यंत फिरत असेल तर ते कारखानदाराने फिरवण्यासाठीच केलेले असणार, ही माझी समजूत) आणि तारांवर हात मारला. दहा मिनिटांच्या आत खालच्या मजल्यावरील अण्णा दारात उभे होते.

"नमस्कार," ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "फरशी कापायचं काम अजून किती दिवस चालणार?"

"फरशी? कसली फरशी?"

"ओट्याचं काम काढलंत ना? वहिनी म्हणत होत्या मागे. चालायचंच हो. फक्त दुपारी दोन ते चार तेवढं मशीन बंद ठेवायला सांगा त्या कारागिराला."

अण्णा गेले. सौभाग्यवतींच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, ते मी दोन्ही कन्यांच्या विवाहांतही पाहिले नव्हते.

"बघा," त्या म्हणाल्या, "लोकांनासुद्धा ओटाच ऐकू येतो."

ॲम्प दुसऱ्या दिवशी परत गेला. माझ्या मदतीला धावला तो हिंजवडीतील एका कंपनीत नोकरीस असलेला माझा भाचा. "मामा, ॲम्प कशाला घेताय?" तो म्हणाला. "सॉफ्टवेअर घ्या. जगातले सगळे ॲम्प लॅपटॉपमध्ये येतात. हेडफोन लावायचे आणि काय वाजवायचं ते वाजवायचं. मामीला कळणारसुद्धा नाही." यांतील शेवटचे वाक्य निर्णायक ठरले.

या सॉफ्टवेअरची रीत अशी. गिटारची वायर एका डबीत खोचायची; डबी स्वराचे आकडे करते; व्हॉल्व्हच्या खऱ्या ॲम्पमध्ये विजेने त्या स्वराचे जे केले असते तेच संगणक त्या आकड्यांचे गणिताने करतो; आणि पुन्हा स्वर होऊन तो हेडफोनमधून तुमच्या कानी येतो. पडद्यावर ॲम्पचे हुबेहूब चित्र असते. त्याची बटणे, कातडी मूठ, लाल दिवा, इतकेच काय, कोपऱ्यातील टवकासुद्धा कोणी तरी पगार घेऊन रंगवलेला असतो.

आता, ज्याने जन्मभर फेरफार नोंदवले त्याच्यापुढे कोणतीही मिळकत आली की तो प्रथम तिची वंशावळ काढतो; त्याला इलाज नाही. मीही काढली. अमेरिकेत फेंडर कंपनीने 'बासमन' नावाचा एक ॲम्प काढला होता. तो, नावाप्रमाणेच, बास गिटारसाठी होता. परंतु गुरांना राखून ठेवलेल्या गायरानावर गावाने हळूहळू घरे बांधावीत तशी साध्या गिटारवाल्यांनी त्याच्यावर वहिवाट बसवली. पुढे १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात ढोल-ताशांचे, म्हणजे विलायती ड्रमचे, दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच बासमनची मांडणी पुढे ठेवून, इंग्लंडात मिळतील ते सुटे भाग घालून आपला पहिला ॲम्प बनवला. मार्शलचे सर्व घराणे तेथून सुरू होते. माझ्या पडद्यावर जो होता, तो त्या ॲम्पचा गणिती अवतार. म्हणजे नकलेची नक्कल. आणि तिच्याखाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारण्यासाठी माझा हात शिवशिवला, यात नवल नाही.

मात्र मार्शल हे नाव त्या सॉफ्टवेअरमध्ये कोठेही नव्हते. व्यापारचिन्हाच्या कायद्यामुळे ही मंडळी मूळ ॲम्पचे नाव उच्चारू शकत नाहीत, आणि ते कोणते हे ग्राहकाला कळल्यावाचून तर धंदा होत नाही. तेव्हा आमच्या आजीने आजोबांच्या नावाच्या बाबतीत जो मार्ग अवलंबला होता, तोच यांनीही पत्करला आहे. 'ब्रिटिश, तीस वॉटचा, चौकडीच्या नक्षीचे कापड ल्यालेला, लिव्हरपूलच्या चार पोरांचा लाडका' असा मजकूर वाचला की ओळखणाऱ्याने व्हॉक्स एसी थर्टी ओळखावा आणि मनात हसावे. ८२ ॲम्पची ती यादी मी वाचली तेव्हा एखाद्या मोठ्या लग्नात ८२ सुना ओळीने उखाणे घेत असल्याचा भास मला झाला.

ज्या स्वरासाठी हा सारा खटाटोप, तो मुळात एक बिघाड आहे, हे मला याच सुमारास समजले. व्हॉल्व्हवर पेलवणार नाही इतका भार टाकला की तो स्वराचे शेंडे कापू लागतो, आणि कापलेला तो स्वर गुरगुरतो. १९५८ साली लिंक रे यांनी 'रंबल'साठी आपल्या ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली किंक्स या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी 'यू रिअली गॉट मी' या गाण्यासाठी आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला. आमच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता. त्याचा स्पीकर असाच आपसूक फाटला होता, आणि बातम्या देणारा निवेदक घशात सुपारी अडकल्यासारखा बोले. आजोबांनी तीन वेळा तो दुरुस्तीला टाकला, पदरचे पैसे मोजले, वर टपाल कचेरीत रेडिओच्या परवान्याचे शुल्कही भरले. तो फाटका आवाज घालवण्यासाठी आजोबांनी खर्च केला, तोच परत आणण्यासाठी नातू खर्च करणार होता. घराण्याचा जमाखर्च एकूण जुळत आला होता.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या होत्या. छोटी ४९ युरोंना, म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपयांना. तीत ९ ॲम्प. पूर्ण आवृत्ती १९९ युरोंना, म्हणजे अठरा हजारांच्या घरात. तीत ८२ ॲम्प, ६० कॅबिनेट, ७० पेडल आणि १४ मायक्रोफोन. (कॅबिनेट म्हणजे स्पीकर बसवण्याची लाकडी पेटी. मंत्रिमंडळाशी तिचा संबंध नाही. दोन्ही आतून पोकळ असतात आणि त्यामुळेच आवाज मोठा येतो, एवढाच योगायोग.) दोहोंची तुलना करणारा एक तक्ता कंपनीने दिला होता. उजव्या रकान्यात प्रत्येक ओळीला हिरवी बरोबरची खूण. डाव्या रकान्यात कोठे खूण, बहुतेक ठिकाणी नुसती आडवी रेघ. ती रेघ मी ओळखून होतो. वारस नोंदीत ज्याच्या नावापुढे हिस्सा पडत नाही त्याच्या रकान्यात मी स्वतः ती शेकडो वेळा ओढली होती. ती आपल्या नावापुढे आल्यावर कसे वाटते, हे प्रथमच कळत होते.

वस्तुतः माझी गरज अल्प होती. मला सव्वातीन कॉर्ड येत होत्या: तीन पूर्ण, आणि चौथी एफ, जिच्यात एकाच बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात व त्यांपैकी माझ्याने दीड दबते. सव्वातीन कॉर्डना ९ ॲम्प म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ तीन येत होते. शहाण्या माणसाने येथे थांबावे. पण हाच शहाणा माणूस पुण्यातील एखाद्या भोजनालयात जातो तेव्हा काय करतो ते पाहा. फळ्यावर मर्यादित थाळी आणि अमर्यादित थाळी असे दोन दर असतात. घरी मोजून दोन पोळ्या खाणारे, तिसरी वाढली तर ताटावर आडवा हात धरणारे, मधुमेहाची गोळी खिशात बाळगणारे आम्ही, निःशंकपणे अमर्यादित थाळी मागवतो. आणि मग चौथ्या पुरीपासून पुढे जेवण राहत नाही, वसुली सुरू होते. बासुंदीची तिसरी वाटी संपवताना घाम पुसणारा माणूस आनंदात आहे असे कोणी म्हणणार नाही, पण फरकाची रक्कम फिटत आल्याचे तेज त्याच्या चेहऱ्यावर असते. मर्यादित थाळी मागवणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. ते वेळेवर जेवून, हात धुऊन निघून जातात. मात्र जेवत असता त्यांचे लक्ष स्वतःच्या ताटात नसते.

पूर्ण आवृत्ती १४ दिवस विनामूल्य वापरून पाहण्याची सवलत होती. पहिल्या दिवशी मी हेडफोन चढवून तार छेडली, आणि आवाज आला तो थोड्या विचारांती आल्यासारखा. भाच्याला फोन केला. त्याने 'बफर' नावाच्या एका सेटिंगचा आकडा विचारला. तो १०२४ होता.

"म्हणजे तेवीस मिलिसेकंद उशीर होतोय, मामा."

ज्या खात्यात अर्जाला तेवीस महिन्यांत पोच मिळाली तर अर्जदार पेढे आणत असे, तेथे हयात गेलेल्या माणसाला तेवीस मिलिसेकंदांचा विलंब जाणवावा, हे निवृत्तीचेच लक्षण म्हणावे लागेल. पण हिशेब केल्यावर मामला गंभीर दिसला. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे माझा ॲम्प जणू माझ्यापासून आठ मीटरांवर ठेवलेला होता. आणि आमच्या बिऱ्हाडात कोणत्याही दिशेने सरळ आठ मीटर मोजले तर टेप शेजाऱ्यांच्या देवघरात निघते. मी आकडा १२८ वर आणला. ॲम्प एक मीटरच्या आत आला, पण आता माझ्या जुन्या संगणकाला ते गणित वेळेत उरकेना आणि स्वरात मधूनमधून करकर येऊ लागली. ही करकर म्हणजेच तो जगप्रसिद्ध व्हॉल्व्हचा गोडवा, अशा समजुतीने मी दोन दिवस डोळे मिटून तिचा आस्वाद घेतला.

तिसऱ्या दिवशी मायक्रोफोन सापडला. खऱ्या स्टुडिओत ॲम्पच्या पुढे मायक्रोफोन ठेवतात आणि तो बोटभर सरकवला तरी आवाज बदलतो. स्पीकरच्या मध्यावर धरला की स्वर टोकदार, कडेला नेला की मऊ. १९६५ सालापासून या कामी शुअर कंपनीचा एसएम ५७ मायक्रोफोन वापरण्याचा प्रघात आहे, आणि त्याचाही उखाणा सॉफ्टवेअरमध्ये होताच. पूर्ण आवृत्तीत हा मायक्रोफोन माउसने धरून एका काल्पनिक खोलीत वाटेल तेथे नेता येई. खोलीही निवडता येई: लाकडी तक्तपोशीची, दगडी, उंच छताची. सायंकाळी पाच ते रात्री साडेनऊपर्यंत मी त्या अस्तित्वात नसलेल्या खोलीत तो अस्तित्वात नसलेला मायक्रोफोन इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे करत होतो. मधेच सौभाग्यवती आत आल्या.

"अहो, जरा ते कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून देता का? मागे झुरळं झालीत."

"आत्ता नाही गं," मी म्हणालो, "कंबर धरलीय. दिवसभर सामान हलवतोय."

उरलेल्या दिवसांत मी गिटारला हात लावला नाही, कारण छाननीचे काम फार वाढले. मी एक लांब वही घातली, तिच्यात ८२ ॲम्पच्या ओळी आखल्या, आणि प्रत्येकापुढे 'छोटीत आहे', 'छोटीत नाही', 'नाही परंतु तत्सम आहे' व 'शेरा' असे रकाने केले. भाचा एकदा डोकावून गेला.

"मामा, वाजवलंत का काही?"

"वाजवायला सवड कुठं आहे, अरे? अजून शेऱ्याचा रकाना भरायचाय."

याच दिवसांत जिन्यावर अण्णांची गाठ पडली. "गिटार विकलीत वाटतं?" त्यांनी आपुलकीने विचारले. "बरं केलंत. आता कसं शांत वाटतं."

सनदेचा मजकूर मी मुळातून वाचला. तो मान्य असल्याच्या चौकटीत लोक न वाचताच खूण करतात असे भाचा म्हणाला. परंतु दस्तऐवज न वाचता सही करण्याचे पाप माझ्या हातून होणे शक्य नव्हते. बावीस पानांचा मथितार्थ असा की, पैसे भरल्यावर सॉफ्टवेअरची मालकी मला मिळत नव्हती. मिळत होती फक्त वहिवाट. तीही तीन संगणकांपुरती, अहस्तांतरणीय, पोटकूळ ठेवण्यास मनाई, आणि शर्तभंग झाल्यास बेदखल. मी हे सौभाग्यवतींना समजावून सांगितले.

"म्हणजे अठरा हजार भरून आपण कूळच?"

"हो. पण कायमस्वरूपी कूळ."

"मग कसेल त्याचं होणार का ते पुढे?"

कुळकायद्याचे इतके मर्मभेदी विवेचन मी आमच्या प्रांतसाहेबांच्या तोंडूनही ऐकले नव्हते. मी निरुत्तर झालो आणि छोटी आवृत्ती घेतली.

छोटी आवृत्ती घेणाऱ्याला केवळ नऊ ॲम्प दाखवले असते तर तो सुखाने नांदला असता. परंतु यादी पूर्ण ब्याऐंशीचीच दिसे. नऊ नावे उजळ, आणि त्र्याहत्तर नावे राखाडी, प्रत्येकापुढे एक इवलेसे कुलूप. ज्या वाड्यात आपल्याला नऊ खोल्या मोकळ्या आहेत तेथे आपण कोठे जातो? कुलूप लावलेल्या खोलीच्या फटीला डोळा लावायला जातो. मी रोज हेडफोन घालून, मोकळ्या नऊ ॲम्पकडे ढुंकूनही न पाहता, त्या कुलपांवरून माउस फिरवत बसे. कुलपावर टिचकी मारली की विचारणा येई: हा एकच ॲम्प हवा आहे काय? १५ युरो. ही सोय ज्याने शोधून काढली त्याने सावकारीचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या केलेला असावा.

पहिला ॲम्प मी घेतला तो लिव्हरपूलच्या चार पोरांचा. दुसरा घेतला कारण तो पहिल्याच्या शेजारी होता. एकूण पाच झाले, तेव्हा त्यांना शोभतील अशा पेडलांचे २० युरोंचे दोन संच घेणे क्रमप्राप्त झाले. हा खर्च मी घरच्या वहीत 'गिटारच्या तारा' या सदराखाली टाकत होतो.

"एवढ्या तारा तुटतात?" एकदा विचारणा झाली.

"नव्या हाताला तुटतात."

"पण वाजवताना तर तुम्ही दिसत नाही."

अशातच नोव्हेंबर उजाडला आणि कंपनीचे खलिते येऊ लागले. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो, आणि ईश्वराने जे दिले त्याबद्दल त्याचे आभार मानून झाले की दुसऱ्या दिवशी, त्याने जे दिले नाही ते विकत घेण्यासाठी, सारा देश दुकानांपुढे रांगा लावतो. त्या दिवसाला म्हणतात काळा शुक्रवार. आमच्याकडे ज्या वाराच्या नावात काळा शब्द आहे त्या दिवशी कोणी झाडूही खरेदी करणार नाही. पूर्ण आवृत्ती १९९ ऐवजी ९९ युरोंना! खलित्यात एक घड्याळ उलटे धावत होते: उरले अठ्ठेचाळीस तास, उरले सहा तास, उरली चाळीस मिनिटे. मी वही काढून रुजुवात घेतली. छोटी आवृत्ती ४९, पाच ॲम्पचे ७५, पेडलांचे ४०. एकूण १६४ युरो मी आजवर भरले होते. म्हणजे ९९ युरोंत जे सगळे मिळत होते, त्यातील थोडेसे मी १६४ युरोंना घेतले होते. आधी भरलेली रक्कम नव्या किमतीत वळती करून द्यावी, असा एक सविस्तर, मुद्देसूद, सहा परिच्छेदांचा अर्ज मी कंपनीला इंग्रजीत पाठवला. तेवीस मिलिसेकंदांत उत्तर आले: आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात.

घड्याळ शून्यावर आले. मी निर्धाराने संगणक बंद केला. सकाळी उघडतो तो लोकाग्रहास्तव मुदत तीन दिवस वाढवली होती. हा डाव मला नवा नव्हता; शेतसारा भरण्याच्या कित्येक अंतिम मुदती मीच स्वतःच्या हस्ताक्षरात वाढवल्या आहेत, आणि अंतिम मुदतीला अंतिम समजणाऱ्या भाबड्या खातेदारांची आम्ही कचेरीत चहा पिताना थट्टा केली आहे. इतके सारे ठाऊक असलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांनी, थरथरत्या बोटांनी, पत्नी झोपल्याची खात्री करून, ९९ युरो भरले. एकूण २६३.

कुलपे रात्रभर एकामागून एक गळून पडत होती. उजाडले तेव्हा ब्याऐंशीच्या ब्याऐंशी खोल्या सताड उघड्या होत्या, आणि खरे सांगायचे तर, त्यांत फारसे पाहण्यासारखे काही राहिले नव्हते. तरी वसुली करणे भाग होते. साहेब जमाबंदीच्या दौऱ्यावर निघतात त्या शिस्तीने मी पहिल्या ॲम्पपासून प्रारंभ केला. रोज सायंकाळी एक ॲम्प, त्याच्यासमोर सव्वातीन कॉर्ड, आणि वहीत शेरा. अकराव्या दिवशी सौभाग्यवती भाजी निवडत समोर येऊन बसल्या.

"तारांचं सदर मी बेरजेला घेतलं आज," त्या म्हणाल्या. "साडेतेवीस हजारांच्या तारा! एवढ्या तारांत गावाला कुंपण झालं असतं."

मी कबुलीजबाब दिला. अमर्यादित थाळीच घेतली असल्याचे सांगितले.

"बरं, मग वाजवा की ती."

"हे काय, तीच वाजतेय."

"मला तर चार महिन्यांपूर्वी ऐकू येत होतं तेच येतंय. टिंगटिंग."

खरेच की! हेडफोनमध्ये माझ्या कानांशी लंडन, लिव्हरपूल आणि कॅलिफोर्निया गर्जत असताना, बाहेर या घरात गेले चार महिने पत्र्याच्या डब्यावरचे रबर तेवढे वाजत होते. मी हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. यादीतील सर्वांत भारदस्त ॲम्प निवडला, व्हॉल्व्ह वापरून मुरलेले ठेवले, मायक्रोफोन मोठ्या कसबाने स्पीकरच्या मध्यापासून अंगठाभर कडेला नेला, दगडी खोली उघडली आणि सव्वातीनच्या सव्वातीन कॉर्ड वाजवल्या. तिने डोळे मिटून, मान किंचित कलती करून, शेवटपर्यंत ऐकले. मग हेडफोन हळूच काढून मेथीच्या जुडीशेजारी ठेवले.

"आतला स्पीकर फाटलाय," ती म्हणाली. "अजून पंधरा दिवस व्हायचेत ना? बदलून देतील बघा."

ओट्याच्या प्रस्तावाला त्याच रात्री मंजुरी द्यावी लागली. आठवड्याभरात कारागीर आला, त्याने गच्चीकडच्या बाजूला ग्रॅनाइटचा काळा पाट उभा केला आणि यंत्र लावले. मी हेडफोन काढून बाहेरच्या खोलीत बसलो होतो. पाते दगडाला भिडताच जो स्वर उमटला तो ऐकून मी ताठ झालो. तो सरळ नव्हता, सोज्ज्वळ नव्हता, आणि त्यात एक मिलिसेकंदाचाही विलंब नव्हता. वहीत पुढच्या ओळीवर ८३ हा आकडा घालून मी शेरा लिहीत होतो, तोच दारावर टकटक झाली. अण्णा होते.

"गिटार परत काढलीत वाटतं?" ते हसत म्हणाले. "पण हात बसलाय हो आता तुमचा."